जुळलेली मेंढरं

गॉडफ्रे तुस्कानोने मेंढरं पाळायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या अख्ख्या आळीत एकाही माणसाने जन्मात मेंढराला हात लावलेला नव्हता. मेंढरांविषयी ऐकलेलं मात्र उदंड होतं. दर रविवारी देवळात बसायचं, आपण सगळे मेंढरं आहोत आणि फादर आपले मेंढपाळ आहेत असं ऐकून माना डोलवायच्या आणि घरी येऊन डुकराच्या मटणावर ताव मारायचा, असा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. माणिकपूरच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या या आळीत बकऱ्या होत्या, कोंबड्या होत्या, एका घरी बदकंही होती. मेंढरू होतं ते फक्त पुढच्या खोलीतल्या तसबिरीत, मेंढपाळाच्या खांद्यावर, आणि तेही नुकतीच आंघोळ घातल्यासारखं पांढरंशुभ्र.

"बकऱ्या घे ना रे बाबा," असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेजारच्या हंसावहिनींनी तर आपली एक गाभण बकरी देऊ केली. गॉडफ्रेने नाक मुरडलं. "बकरी काय, कोनीपन सांभाळतो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून चुकून खरं कारण बाहेर पडलं होतं, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

ते कारण असं. गॉडफ्रेची एकुलती एक लेक रचना लग्न होऊन कॅनडात गेली होती. तिला एक मुलगा होता, आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर त्याचे गाल दाखवून ती म्हणायची, "मम्मी, पप्पा, आता तुम्ही इकडेच या." गॉडफ्रेची बायको क्लेमेंटीन पडद्याला हात लावून "येते हां, येते" म्हणायची. गॉडफ्रेही "येऊ, येऊ" म्हणायचा आणि फोन बंद झाला की न जाण्याचं कारण शोधायला लागायचा. त्याला जायचं नव्हतं. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात बादल्यांच्या कड्या बनवणाऱ्या माणसांवर उभा जन्म सुपरवायझरी केलेला हा माणूस. त्याला रस्त्यात अजून कोणीतरी "सायेब" म्हणून हाक मारायचं. कॅनडात त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं. त्याहून मोठी भीती अशी, की क्लेमेंटीन एकदा तिकडे गेली आणि नातवात रमली, की परत यायची नाही. आता ही भीती सरळ बायकोला बोलून दाखवणं हा एक मार्ग होता. पण पुरुषासारख्या पुरुषाने बायकोला असलं काही सांगायचं म्हणजे फारच झालं. त्यापेक्षा मेंढरं पाळणं सोपं.

आधीची कारणं एकेक करून निकामी झाली होती. पहिल्यांदा गुडघे पुढे केले, तर डॉक्टरांनी गुडघे ठणठणीत असल्याचं सांगून घात केला. मग पासपोर्ट नसल्याची अडचण झाली. ती क्लेमेंटीनने परस्पर अर्ज करून सोडवली, आणि चौकशीला आलेल्या पोलिसाला गॉडफ्रेलाच चहा पाजावा लागला. मग देवळाच्या सणाच्या कमिटीचं काम आडवं आलं. "मी गेलो तर सन कोन बघनार?" असं तो चारचौघांत म्हणाला मात्र, पुढच्याच बैठकीत कमिटीने त्याला सन्मानपूर्वक विश्रांती दिली आणि हार घातला. तेव्हा गॉडफ्रेला कळलं की कारण असं हवं, जे श्वास घेतं, रोज खायला मागतं आणि दुसऱ्या कोणाला सांभाळता येत नाही. बकऱ्या घेतल्या असत्या तर हंसावहिनी म्हणाल्या असत्या, ठेवून जा आमच्याकडे. मेंढरांचं तसं नव्हतं. मेंढरांतलं कोणालाच काही कळत नव्हतं, गॉडफ्रेसकट.

भातं कापून झाली की देशावरचे धनगर महामार्गापलीकडच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या घेऊन उतरतात. तिथे गॉडफ्रेला बळीराम भेटला. बळीरामने नव्या चपला, इस्त्रीची पँट आणि गळ्यातला क्रूस पाहून गिऱ्हाईक कसलं आहे ते ओळखलं. "अर्धी खंडी घ्या," तो म्हणाला. गॉडफ्रेच्या घरात खंडीने भात मोजायचे, त्यामुळे एवढी मेंढरं ठेवायची कुठे म्हणून तो घाबरला. मेंढरांची खंडी विसाची असते, म्हणजे अर्धी खंडी दहा, हे कळल्यावर तो इतका हरखला की त्याने घासाघीस केलीच नाही. बळीरामने नऊ मेंढ्या आणि एक मेंढा बाजूला काढला. एकीचा ओठ वर करून दात दाखवले आणि अभिमानाने म्हणाला, "पावनं, समद्या जुळलेल्या हायत बगा. येक बी कोवळी न्हाई."

गॉडफ्रेने दातांकडे पाहिलंच नाही. तो "जुळलेल्या" या शब्दावरच लुब्ध झाला. त्याचं सख्ख्या भावाशी जुळत नव्हतं, कमिटीशी जुळत नव्हतं, क्लेमेंटीनशी जुळतं की नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि इथे अर्धी खंडी जनावरं, दहाच्या दहा जुळलेली. वर पोरकट एकही नाही. टेम्पोत बसून तो घरी आला तो हा शब्द घेऊनच.

"मेंढरं काय कोनीपन घेईल," तो आळीत सांगायचा, "पन जुळलेली मिळायला नशीब लागतं." लोक वाडीच्या कुंपणाशी येऊन पाहून जायचे. खरोखर, एक जायची तिथे बाकीच्या जायच्या, एक थांबली की सगळ्या थांबायच्या. कोणी कोणाला शिंग मारत नव्हतं. ही कीर्ती फादरांच्या कानावर गेली, आणि पुढच्याच रविवारी प्रवचनात त्यांनी भाऊबंदकी करणाऱ्या घरांना गॉडफ्रेच्या मेंढरांचा दाखला दिला. मुकी जनावरं जुळवून घेतात, मग आपण का नाही, असं विचारलं. पहिल्या बाकावर बसलेला गॉडफ्रे एवढा ताठ झाला की मागच्या बाईला वेदी दिसेना. नाताळात क्रिब, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बांधणाऱ्या मंडळींनी दोन मेंढ्या मागून नेल्या. त्यांनी पहाटेपर्यंत गोठ्याचं पेंढ्याचं छप्पर आणि एका राजाची दाढी खाल्ली, पण तीही दोघींनी मिळून, भांडण न करता.

क्लेमेंटीन या सगळ्यात वाडीत राबत होती. वाडीतली केळी, अळू आणि मोगरा हे तिचं राज्य. ती पहाटे मोगरा खुडायची, फुलवाल्याला द्यायची, आणि येताना फणसाच्या डहाळ्या तोडून मेंढरांपुढे टाकायची. गॉडफ्रे तेव्हा खुर्चीवर बसून देखरेख करत असायचा. सुपरवायझरीची सवय अशी चटकन जात नाही.

माघाच्या सुमारास एक मेंढी खाईनाशी झाली, म्हणून जनावरांच्या डॉक्टर आल्या. डॉक्टर स्वप्ना मूळच्या साताऱ्याकडच्या, वयाने रचनाएवढ्या. त्यांनी एकेकीचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, या तर सगळ्या जुळलेल्या आहेत."

"मग!" गॉडफ्रे खुलला. "पहिल्या दिवसापासून. एकमेकींना सोडत नाय अजिबात."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग क्लेमेंटीनकडे पाहिलं. हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. "काका, जुळलेली म्हणजे तोंडातले सगळे दात आलेली. पुरती वयाची झालेली. आणि या तर त्याच्याही पुढे गेल्यात, दात झिजलेत. म्हाताऱ्या आहेत या. एखाददुसरी व्यायली तर व्यायली."

गॉडफ्रेला तोंडात मारल्यासारखं झालं. क्लेमेंटीन मात्र पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला विहिरीच्या कठड्यावर बसावं लागलं. "म्हनजे आपन दोघंपन जुळलो की," ती म्हणाली. "चौतीस वर्षं वाट बघितली, आता झालं एकदाचं."

बातमी दुपारच्या आत आळीभर झाली. फादरांनी प्रवचनाचा विषय पुन्हा काढला नाही, पण आळीने शब्द सोडला नाही. कोणाची सासू कुरकुरायला लागली की "जुळली वाटते" असं म्हणायचे. ज्येष्ठांच्या सहलीची बस निघाली तेव्हा मागे पोरांनी "जुळलेली मेंढरं" असा कागद चिकटवला. गॉडफ्रेने सगळं गिळलं. मेंढरं तरणी असोत की म्हातारी, सांभाळायला माणूस लागतोच, आणि म्हाताऱ्यांना तर जास्तच लागतो, असा त्याने हिशेब केला. त्याच्या दृष्टीने कारण आणखी पक्कं झालं होतं.

मग एक मेंढी हरवली.

मेंढरू हरवलं की काय करायचं, हे या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाकीची तिथेच सोडायची आणि हरवलेल्याच्या शोधात निघायचं. मेंढपाळाचा हा धडा गॉडफ्रेने लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता की दुसरं काही करता येतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. बाकीची नऊ त्याने आळीच्या तोंडाशी, क्रूसाजवळच्या मोकळ्या जागेत चरत होती तिथे तशीच सोडली आणि निघाला. दोन आळ्या फिरून घामाघूम झाल्यावर हरवलेलं मेंढरू हंसावहिनींच्या मागच्या दारी कोबीचा पाला खाताना सापडलं. त्याला दोरी लावून आणता आलं असतं. पण पुढच्या खोलीतली तसबीर डोळ्यांपुढे होती. गॉडफ्रेने ते खांद्यावर घेतलं. तसबिरीतल्या मेंढराला वजन नसतं, वास नसतो, आणि ते अंगावर मुतत नाही. गॉडफ्रेच्या मेंढीने या तिन्ही बाबतीत आपला वेगळेपणा दाखवला.

तो वाकत, धापा टाकत क्रूसाशी आला तर जागा मोकळी. नऊच्या नऊ मेंढरं रस्ता धरून गेली होती. ती गेली थेट माणिकपूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, कारण पुढची शिरली. संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी फुलांची कमान उभी राहत होती. ती मेंढरांनी आपापसांत कसलाही वाद न घालता, खालपासून तोंड पोचेल तिथवर साफ केली. नवऱ्या मुलाचा मामा खुर्ची उगारून उभा, मेंढा त्याच्याकडे बघत रवंथ करतोय, असा देखावा झाला. मेंढी खांद्यावर घेऊनच माग काढत आलेला गॉडफ्रे दारातून हाका मारायला लागला. मेंढपाळाचा आवाज मेंढरं ओळखतात हेही त्याने ऐकलेलं होतं. त्याने प्रत्येकाला नाव दिलं होतं, ती सगळी नावं घेतली. एकानेही मान वळवली नाही.

तेवढ्यात बातमी लागून रिक्षातून क्लेमेंटीन उतरली. तिच्या हातात फणसाची डहाळी होती. तिने मामाची माफी मागितली, कमानीला लागेल तेवढा मोगरा तासाभरात पाठवते म्हणाली, आणि डहाळी हलवत चालायला लागली. बाजारातून मिरवणूक निघाली ती अशी: पुढे क्लेमेंटीन, मागे नऊ मेंढरं, त्यांच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा, आणि सगळ्यांत शेवटी खांद्यावर मेंढी घेतलेला गॉडफ्रे. रस्त्यात एकाने "सायेब, चालले कुठे?" असं विचारलं. गॉडफ्रेने खांद्यावरची मेंढी सावरली.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत त्या म्हाताऱ्यांतली एक खरोखरच व्याली. कोकरू काळं, कानावर पांढरा ठिपका. आईला दूध येईना, तेव्हा क्लेमेंटीनने रचनाच्या मुलासाठी आणून ठेवलेली बाटली काढली आणि ते मांडीवर घेऊन पाजायला लागली. गॉडफ्रे हे खुर्चीवरून पाहायचा आणि मनातून सुखावायचा. आता हिचाही पाय अडकला, असं त्याला वाटलं. त्याने कोकराच्या तब्येतीची अशी काळजी घ्यायला सुरुवात केली, की रचनाच्या वेळी घेतली असती तर क्लेमेंटीनचे कष्ट निम्मे झाले असते.

ईस्टरनंतरच्या रविवारी रचनाचा फोन आला. दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं तिने आधीच सांगितलं होतं, आता बाळंतपणाची जूनमधली तारीख मिळाली होती. क्लेमेंटीनने फोन ठेवला आणि सरळ विचारलं, "जायचं ना?"

"जायचं तर खरं," गॉडफ्रे म्हणाला. या प्रश्नासाठी त्याने महिनोन् महिने तयारी केली होती, त्यामुळे आवाजात दुःखही नीट उतरलं. "पन ही मेंढरं कोन बघनार? पावसात त्यांचे खूर कुजतात, डॉक्टरीणबाईपन बोलली. हंसावहिनीला येनार हाय काय त्यातलं?"

क्लेमेंटीनने मान हलवली. "तेच मी बोलते," ती म्हणाली. "दोघांनी जाऊन कसं चालेल? तुम्ही ऱ्हावा. मी जाते."

गॉडफ्रेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढं मजबूत कारण त्याने बांधलं, सगळीकडून पाचरी मारल्या, आणि ते एकट्यापुरतंच निघालं. "तू एकटी?" तो म्हणाला. "आनि कोकरू?"

"ते पाला खातं आता."

"किती दिवस?"

"बघू. रचना बोलते सहा महिने. मग तिची नोकरी सुरू होईल, तेव्हा पोरांना कोनतरी लागेलच." हे तिने टोपलीतला मोगरा निवडता निवडता सांगितलं. आता बोलायला हवं होतं. त्याऐवजी तो उठला आणि पावसाच्या आधी मेंढरांना उंच फळ्यांची शेड लागेल म्हणून सुताराकडे गेला.

पुढचे दिवस त्याने शेडीत घालवले. क्लेमेंटीन बॅग भरत होती. सुके बोंबील, बाटलीतला मसाला, बाळाची झबली. जाता येता ती त्याला सांगायची, गोळ्या डाव्या खणात हायत, मोगऱ्याला पानी सकाळचंच घाला, रविवारची मिस्सा चुकवू नका. तो "हां" म्हणायचा आणि खिळा ठोकायचा. शेड अशी झाली की तिच्यापुढे त्याचं राहतं घर कच्चं वाटावं. मेंढरांनी आत जायला साफ नकार दिला.

जायच्या दिवशी हंसावहिनींचा मुलगा विकी गाडी घेऊन आला. आळीच्या पद्धतीप्रमाणे सगळे जमले. कोणी प्रार्थना म्हटली, कोणी लोणच्याची बरणी आणली, कोणी कॅनडातल्या आपल्या माणसासाठी पार्सल दिलं. क्लेमेंटीन मागे बसली. विकीने गाडी चालू केली. गॉडफ्रे खिडकीशी उभा होता, शर्टाला मेंढरांचा वास, हातात मघापासून उगाचच धरलेला हातोडा. आणि आयुष्यभर जे बायकोला एकांतातही बोलला नव्हता, ते तो सगळ्या आळीच्या देखत बोलून गेला.

"क्लेमे, तू परत नाय आली तर मी काय करू?"

हंसावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. क्लेमेंटीनने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यात राग होता, हसू होतं, आणखीही पुष्कळ काही होतं.

"एवढं बोलायला तुम्हाला दहा मेंढरं लागली?" ती म्हणाली. "ते पन गाडी सुरू झाल्यावर." मग तिने काच वर केली आणि विकीला हाताने चल म्हणून खूण केली.

आळीतली माणसं पांगली. एकानेही त्या दिवशी मेंढरांवरून त्याची थट्टा केली नाही. ते गॉडफ्रेला थट्टेपेक्षा वाईट वाटलं. त्याने मोगऱ्याला चुकीच्या वेळी पाणी घातलं, डाव्या खणातल्या गोळ्या बघून ठेवल्या, आणि विकीची वाट बघत पायरीवर बसला. विकी आला तो संध्याकाळी.

"पोचवलं ना नीट?" गॉडफ्रेने विचारलं.

"पोचवलं. काका, काकू खूप रडल्या पन. इकडून निघालो ते खाडीच्या पुलापर्यंत रडत होत्या. मी बोललो, काकू, गाडी वळवू का परत? तर आनखीनच रडायला लागल्या."

गॉडफ्रे उठून उभा राहिला. "पुलापर्यंत?"

"हो ना."

"नक्की? सर्दी नव्हती ना तिला?"

"काका, टिश्यूचा अख्खा बॉक्स संपवला. नवा घ्यायला लागनार मला आता."

गॉडफ्रेने त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. कुठे रडायला लागली, काय म्हणाली, पूल आल्यावर कशी थांबली. मग आत जाऊन क्लेमेंटीनने पिकायला ठेवलेल्या केळ्यांचा मोठा घड आणला आणि नको नको म्हणत असताना विकीच्या गाडीत घातला. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या रडण्याचा त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता. हा आनंद कोणालातरी सांगावा म्हणून तो लगबगीने घरात शिरला, आणि जिला सांगायचा ती विमानात होती.